दारू सोडून नऊ दिवस झाले, जोर-बैठका कधी सुरू करू?

तुमचा प्रश्न वाचला. वय ४१, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम, चौदा वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त. नऊ दिवसांपूर्वी घरच्या घरी दारू सोडलीत. पहिले तीन-चार दिवस हात कापले, घाम फुटला, झोप उडाली, मग जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आता बरं वाटतंय, फक्त तळपायाला मुंग्या येतात. तरुणपणी तालमीत होतात, म्हणून उद्यापासून पूर्वीसारखे २०० जोर आणि ५०० बैठका मारून महिनाभरात ‘सगळी दारू घामातून बाहेर काढायची’ असं ठरवलंय. वहिनी म्हणतात विश्रांती घ्या, मित्र म्हणतो जिम लाव आणि पावडर सुरू कर. कुणाचं ऐकू, असं विचारलंत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोल्हापुरात दारू सोडणाऱ्या माणसांबरोबर, मनोविकारतज्ज्ञांच्या जोडीनं, बरीच वर्षं काम करते. थोडक्यात सांगायचं तर चालणं आजपासून सुरू करा, या आठवड्यात तपासण्या करून घ्या, आणि जोर-बैठकांना तपासण्या बघितल्याशिवाय हात घालू नका. आता हे असं का, ते नीट सांगते, कारण कारण कळलं नाही तर चौथ्या दिवशी तुम्ही बैठका मारणारच.

घामाचं आधी बोलू. तुमच्या अंगात आता दारू उरलेलीच नाही. पोटात गेलेल्या दारूचा ९० टक्क्यांहून जास्त भाग यकृत जाळतं. श्वास, लघवी आणि घाम यांतून अगदी थोडी जाते, आणि हे सगळं शेवटच्या पेगनंतर साधारण दिवसभरात संपतं. मागे राहतो तो दारूनं केलेला बदल: नसांमध्ये, स्नायूंमध्ये, हृदयात, झोपेत. तो घामानं धुऊन निघत नाही. तो खाण्यानं, झोपेनं आणि दारूशिवायच्या दिवसांनी हळूहळू भरून येतो, आणि बेतानं केलेला व्यायाम त्याला मदत करतो.

रोजची दारू मेंदूला रोज दाबून ठेवते. मेंदूही तोल सांभाळण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकदम बंद केली की दाब जातो आणि वाढवलेली उत्तेजना तेवढी मागे राहते. तुमचे हात कापले ते त्यामुळेच. त्रास शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत सुरू होतो. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत असतो. भ्रम होणं, माणसं न ओळखणं, नसलेलं दिसणं हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात होतं, आणि त्यात उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. तुम्ही त्या टप्प्यातून बाहेर आलात. पण तुमचं वाचून दुसरा कुणी उद्यापासून घरीच बंद करायचं ठरवेल, म्हणून मुद्दाम लिहिते: रोज पिणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम थांबू नये, आधी कधी फिट आली असेल तर मुळीच नाही. आपल्याकडे गटारी जोरात करून श्रावणाच्या पहिल्या दिवशी बाटली खाली ठेवणारे घरोघरी आहेत. निश्चय चांगलाच आहे, पण नेमके त्यानंतरचे तीन-चार दिवस सगळ्यांत धोक्याचे असतात आणि घरच्यांना वाटतं की याला नुसता ताप आलाय.

तुमच्या बाबतीत मोठा धोका टळला असला तरी शरीर अजून शांत झालेलं नाही. फाउंड्रीत ओतलेला साचा तुम्ही लगेच फोडत नाही. वरून काळा दिसला तरी आत धग असते, तसंच हे. या दिवसांत बीपी आणि नाडी नेहमीपेक्षा वर असू शकते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी असण्याची शक्यता असते आणि त्यामुळे हृदयाचे ठोके चुकू शकतात. अशा अंगानं २०० जोर मारताना श्वास कोंडला की बीपी क्षणात आणखी वर जातं.

दुसरी गोष्ट स्नायूंची. बरीच वर्षं जास्त दारू प्यायल्यानं स्नायू आतून कमकुवत होतात, वरून दंड भरलेले दिसले तरीही. असा स्नायू एकदम शेकड्यांनी बैठका मारून दमवला तर त्याचे तंतू तुटून त्यातला माल रक्तात येतो आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मांड्या दगडासारख्या घट्ट होऊन प्रचंड दुखणं आणि लघवी काळ्या चहासारखी होणं ही त्याची खूण. असं झालं तर घरी शेकत बसायचं नसतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं. त्यात तुम्ही दिवसभर भट्टीजवळ घाम गाळता, म्हणजे अंगातलं पाणी आधीच कमी. तालमीतल्या जुन्या पैलवानांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो असं मला वाटतं, कारण त्यांच्या मनाला ५०० बैठकांची सवय राहिलेली असते. नवखा माणूस पन्नासाव्या बैठकीला थांबतो. पैलवान थांबत नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण मी तिथेच थांबले: तळपायाच्या मुंग्या. दारूनं आणि ‘बी’ जीवनसत्त्वांच्या कमतरतेनं पायांच्या नसा खराब होतात. पायाखाली खडा टोचला तरी कळत नाही, अंधारात तोल जातो. तेव्हा तूर्त अनवाणी व्यायाम नको, लाल मातीतही नको. बूट घालायचे, आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे बघायचे. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून बघा. दहा सेकंदही राहता येत नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. साखरही तपासा, कारण मधुमेहातही अशाच मुंग्या येतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामानं साखर एकदम खाली जाऊ शकते, मग वेळा आणि खाणं डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. आणि चालताना झोकांड्या जाणं, डोळ्यांची हालचाल विचित्र होणं, गोंधळल्यासारखं वागणं असं काही वहिनींना दिसलं तर ती तातडीची गोष्ट आहे. ‘बी-१’ जीवनसत्त्व फार कमी झाल्यानं मेंदूला इजा होते, आणि त्यावरची इंजेक्शनं वेळेत मिळाली तरच ती थांबते.

आता तपासण्या. बीपी, ईसीजी, रक्तपेशींची पूर्ण तपासणी (सीबीसी) प्लेटलेटसकट, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, साखर, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि पोटाची सोनोग्राफी. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, दाखवलंत तरी चालेल. सोनोग्राफीवर माझा जोर आहे, त्याला कारण आहे. यकृत कडक झालं असेल तर पोटातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि अन्ननलिकेत शिरा फुगतात. अशा माणसानं श्वास कोंडून जोर मारले किंवा वजन उचललं तर त्यांवरचा दाब आणखी वाढतो, आणि त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते. बाहेरून काही कळत नाही. प्लेटलेट कमी आणि प्लीहा वाढलेली दिसली की डॉक्टर त्या दिशेनं शोध घेतात. त्यात काही निघालं तर तुमचा व्यायाम चालणं आणि हलक्या हालचाली एवढाच राहील, आणि ते आपण मान्य करायचं. काही निघालं नाही तर पुढे बैठका आहेतच.

आणखी एक विचारायचं राहिलं. बसताना-उठताना किंवा मांडी घालताना जांघेत दुखतं का? जास्त दारू पिणाऱ्यांमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाड आतून मरायला लागतं, आणि हे चाळिशीच्या आत-बाहेरच्या पुरुषांतही होतं. माणूस समजतो कंबर धरली, मालिश करून घेतो, बैठका चालू ठेवतो आणि गोळा चपटा होतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हे दिसेलच असं नाही, एमआरआय लागतो. जांघ दुखत असेल तर निदान होईपर्यंत एकही बैठक नको.

एवढं ‘नको नको’ वाचून वाटेल की वहिनींचंच बरोबर, पडून राहावं. तसं नाही. पडून राहिलेल्या माणसाची संध्याकाळ सर्वांत वाईट जाते. तुम्ही साडेपाचला सुटता आणि सातच्या सुमाराला पिणं सुरू व्हायचं, असं लिहिलंत. म्हणजे साडेसहा ते आठ हे दीड तास चौदा वर्षं एकाच कामाचे होते. तुम्हाला व्यायाम हवाय तो पहिल्या दोन महिन्यांत दंड कमावण्यासाठी नाही, या दीड तासासाठी. म्हणून मी तुम्हाला पहाटेचा व्यायाम सांगत नाही, तालमीची सवय पहाटेची असली तरी. पहाटे उठून हजार बैठका मारल्या आणि संध्याकाळी सात वाजता रिकामे बसलात तर त्या बैठका सातच्या वेळी कामाला येत नाहीत.

पिण्याची ओढ लाटेसारखी येते. बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत तिचा जोर उतरतो. त्या वेळात माणूस चालत असेल तर ती ओढ सुसह्य होते, हे मी सतत बघते आणि अभ्यासांतही थोड्या वेळाच्या मध्यम व्यायामानं तल्लफ काही काळ कमी झालेली दिसली आहे. मनाची उदासीही व्यायामानं हलकी होते. पण नुसत्या व्यायामानं माणूस पुन्हा पीत नाही, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि माझा अनुभवही तसाच आहे. म्हणून मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटाच. तल्लफ कमी करणारी औषधं आहेत, ती कोणाला कोणती चालेल हे यकृत-मूत्रपिंड बघून ठरतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडलेल्यांच्या गटाच्या सभांना जा. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे.

चालायचं कसं? पहिला आठवडा संध्याकाळी पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर. रंकाळ्याची पूर्ण फेरी नको. चौपाटीवरून शालिनी पॅलेसच्या दिशेनं जायचं आणि दम लागण्याआधी वळायचं. चालताना बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी. घड्याळातली नाडी बघून वेग ठरवू नका, कारण हात कापण्यासाठी किंवा बीपीसाठी प्रोप्रानोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही आणि माणूस फसतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांमध्ये झोपेची, शांत करणारी गोळी असेल तर तिनंही तोल जातो. ती मनानं वाढवायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेळ हळूहळू तीस मिनिटांवर न्या. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तुम्ही तिथपर्यंत दीड-दोन महिन्यांत पोचलात तरी उत्तम.

सकाळी उठल्या-उठल्या नाडी शंभराच्या वर असेल, बीपी १६०/१०० च्या पुढे असेल, ताप असेल, रात्रभर झोप नसेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. संध्याकाळी नुसतं बाहेर जाऊन बसा, पण घराबाहेर पडा. छातीत दुखणं, ठोके वेडेवाकडे पडणं, चक्कर, डोळे पिवळे होणं, काळी शी होणं यांपैकी काहीही झालं तर चालणं थांबवून डॉक्टर. छातीत दुखलं किंवा रक्ताची उलटी झाली तर सरळ १०८.

तपासण्या ठीक आल्या आणि तीन-चार आठवडे चालणं न चुकता झालं की ताकदीकडे वळू. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून उभ्यानं जोर, दहा. एक दिवस आड. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरल्या तर संख्या वाढवायची नाही. मग हळूहळू पाच-पाचनं पुढे. खऱ्या जोर-बैठका मी साधारण दोन-अडीच महिन्यांनंतर देते, कुणाला त्याहून उशिरा. वय, यकृत, झोप, पायाच्या नसा, सगळ्यावर ते अवलंबून आहे, त्यामुळे तारीख मागू नका.

तालमीत जरूर परत जा, आणि वस्तादांना खरं सांगा. बरेच जुने पैलवान दारूमुळे वस्तादांना तोंड दाखवायला लाजतात आणि गेले की काहीच घडलं नाही असं दाखवत पोरांच्या बरोबरीनं मेहनतीला लागतात. वस्तादांना माहीतच नसेल तर तेही जुन्या हिशेबानंच मेहनत देणार. ‘दारू सोडलीय, डॉक्टरांनी हळू करायला सांगितलंय’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे. त्या वाक्यानंतर तुम्हाला रोज विचारणारा एक मोठा माणूस मिळतो, आणि मला तो कोणत्याही जिमच्या फीपेक्षा मोलाचा वाटतो. सुरुवातीला हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, न उतरता कडेला बसून पोरांचा सराव बघितलात तरी संध्याकाळ निघते.

खुराकाबद्दल. एका क्वार्टरमधून साधारण सव्वाचारशे कॅलरी मिळायच्या, पोषण काहीच नाही. त्या एकदम बंद झाल्यामुळे संध्याकाळी भूक लागते, गोड खावंसं वाटतं, आणि पुष्कळांना ती भूक दारूची ओढ वाटते. म्हणून कामावरून सुटल्यावर चालायला निघण्याआधी काहीतरी खा: केळं, भाकरी-पिठलं, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे. साखर वाढलेली नसेल तर थोडं गोड खाल्लंत म्हणून वाईट वाटून घेऊ नका. गंगावेशीत कट्ट्यावरचं दूध आवडत असेल तर प्या, बदामाची थंडाईही चालेल. प्रथिनं हवीतच, ती दूध, अंडी, डाळ, मासे, चिकन यांतून घ्या. मित्राची पावडर तूर्त बाजूला ठेवा, विशेषतः व्यायामाआधी घ्यायच्या पावडरी. त्यांत कॅफिन भरपूर असतं, धडधड वाढते आणि आधीच उडालेली झोप आणखी उडते. ताकदीसाठी कुणी आसव किंवा अरिष्ट सुचवलं तर घेऊ नका. ती आंबवून बनतात आणि त्यांत मद्यार्क असतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट वहिनींसाठी. दारू सुटावी म्हणून जेवणात गुपचूप मिसळायची पावडर किंवा गोळी कुणी दिली तर ती मिसळू नका. अशा औषधात डायसल्फिरम असू शकतं. ते अंगात असताना थोडी जरी दारू गेली तरी चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधडतं, बीपी कोसळतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. ज्याला माहीतच नाही तो सावध कसा राहणार? हे औषध चांगलं आहे, पण घेणाऱ्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. वहिनी, तुम्ही संध्याकाळी दादांबरोबर चालायला गेलात तर फारच छान, पण वास घेत, खिसे तपासत जाऊ नका. चालताना घराच्या, मुलांच्या गोष्टी बोला.

व्यायाम चांगला झाला की डोक्यात येतं: आज एवढी मेहनत केली, आता थोडी चालेल. हे येणारच, तेव्हा आधीच ओळखून ठेवा. परतीचा रस्ता जुन्या ठिकाणावरून जात असेल तर रस्ता बदला, दोन गल्ल्या जास्त पडल्या तरी. ज्या क्रिकेटच्या किंवा जिमच्या ग्रुपची रविवारची मॅच ढाब्यावर संपते, त्या ग्रुपबरोबर वर्षभर तरी खेळू नका.

आणि एखाद्या दिवशी घसरलात तर दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून दुप्पट व्यायाम करायचा नाही. जास्त प्यायल्यानंतरच्या दिवसात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. त्या दिवशी पाणी, जेवण, झोप आणि आपल्या माणसाला एक फोन. पुन्हा ओळीनं काही दिवस प्यायलात तर मात्र या वेळेसारखं घरीच बंद करायचं नाही. प्रत्येक वेळी एकदम सोडल्यावरचा त्रास आधीपेक्षा तीव्र होत जाऊ शकतो.

रिपोर्ट आले की इतकं कळवा: बीपी, प्लेटलेट, साखर, सोनोग्राफीत यकृत आणि प्लीहेबद्दल काय लिहिलंय, डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या चालू ठेवल्यात, आणि जांघेत दुखतं का. त्यावरून ताकदीचा व्यायाम कधी आणि कुठून सुरू करायचा ते लिहीन. तोवर रोज संध्याकाळी साडेसहाला, पोटात काहीतरी घालून आणि पायात बूट घालून, पंधरा मिनिटं चाला.